नुकसान आमचे, निकष कोणाचे?



 मजकूर कडू आहे. परंतु लिंबाचा पाला कडू म्हणून तापकरी माणूस तो टाकून देत नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा उघडली तरी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी कारण पुसले. तो म्हणाला, "गुर्जी, आजीले घेऊन दर्यापूरले जा लागे. मदतीच्या पैशासाठी अंगठा लावा लागते, पण तिचा अंगठाच उठत नाई." या म्हातारीने उभा जन्म निंदण केले, कापूस वेचला, गोवऱ्या थापल्या. त्या कामात तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. आता ते चिमुकले यंत्र म्हणते की, ही बाई ती बाई नव्हेच! शेत तिचे, सातबारा तिचा, सोयाबीन कुजले ते तिचे, पंचनाम्यात नाव तिचे. परंतु यंत्राला तिची ओळख पटत नाही, सबब पैसा अडला. नातू तीन दिवस शाळेवाचून राहिला, आजी तीन दिवस मजुरीवाचून राहिली आणि एस.टी.चे भाडे पदरचे गेले ते निराळेच.

वाचकहो, या अंगठ्याची कथा मोठी मौजेची आहे. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर येऊ दिले नाही, म्हणून सावकाराने त्यांचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घेतला आणि त्या अंगठ्याने वऱ्हाडातली सोन्यासारखी शेते गिळली. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली आपल्याच भागातील शेंडगावचा. लहानपणी ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढले. त्या मामाचे शेत सावकाराने कसे बळकावले हे वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? तेव्हा अंगठा उठला म्हणून शेत गेले. आज अंगठा उठत नाही म्हणून मदत जाते. उठला तरी आम्हीच बुडायचे, न उठला तरी आम्हीच बुडायचे. वाहवा रे न्याय!

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानावर एक पांढरपेशा गृहस्थ हातात वर्तमानपत्र धरून सांगत होते की, "शेतकऱ्यांचं बरं आहे बुवा. पाऊस पडला तरी पैसे, नाही पडला तरी पैसे." चारचौघे हसले. त्यात दोघे आपलेच, शेतकऱ्याच्या पोटचे होते. एकाच्या अंगावर तर सरकारी नोकरीचा इस्त्रीचा सदरा होता. मी त्या गृहस्थांस तेथे काही बोललो नाही. बाजारात मास्तराने तोंड घातले की शाळेपर्यंत तक्रार येते. परंतु त्यांचे म्हणणे मनात सलत राहिले, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो. हिशेब सरकारच्याच आकड्यांचा आहे. माझ्या पदरचा एकही आकडा त्यात नाही.

सरकार २०२५-२६ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवते आणि सांगते की, आम्ही उत्पादनखर्चावर दीडपट देतो. म्हणजे सरकारच्याच वहीत एक क्विंटल सोयाबीन पिकवण्यास ३,५५२ रुपये खर्च येतो. बाजारात तो भाव पदरात पडतो की नाही, हे रडगाणे आज गात नाही. एकरी पाच क्विंटल पीक धरले तर खर्च झाला १७,७६० रुपये. आता मदतीची वही उघडा. पीक तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त बुडाले, तर जिरायत जमिनीस हेक्टरी ८,५०० रुपये आणि तेही दोन हेक्टरांपर्यंत, असा केंद्राचा २०२२ सालापासूनचा दर. एकराला मोडून पाहिले तर ३,४४० रुपयांच्या आसपास येतात. खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी! तुमच्या घराला आग लागली आणि शेजाऱ्याने येऊन एक बादली ओतली, आणि मग जन्मभर गावात सांगत सुटला की याचे घर मीच वाचवले, तर त्याला काय म्हणाल?

बरे, हा दर तरी एका जागी स्थिर आहे काय? २०२२ साली राज्य सरकारने स्वतःची भर घालून जिरायतास १३,६०० रुपये आणि मर्यादा तीन हेक्टर केली. १ जानेवारी २०२४ नंतरच्या नुकसानीसही तोच दर चालवला. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती, हे वाचकांच्या लक्षात असेलच. निवडणूक आटोपली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा ८,५०० रुपये व दोन हेक्टर! जणू निवडणुकीनंतर खताच्या पोत्याचा भावही उतरला. त्यानंतर त्याच पावसाळ्यात मराठवाडा-वऱ्हाड पाण्याखाली गेला, लोकांचा आक्रोश झाला, तेव्हा ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचे मोठे बोचके जाहीर झाले. त्यात आमच्या जिरायतास ८,५०० आणि रब्बीच्या बियाण्यासाठी आणखी १०,००० अशी जोड देण्यात आली आणि मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली. ही जोड पूर्ण हाती पडली असे धरले तरी एकराला साडेसात हजारांच्या आत. म्हणजे बियाणे, खत, फवारणी, निंदण या सर्वांत गेलेल्या पैशाच्या निम्म्यालाही ते पोचत नाही, आणि नफ्याची तर गोष्टच सोडा. पैसे दिवाळीपूर्वी देऊ असे सांगितले होते. कोणाला पोचले, कोणाला अर्धे पोचले, कोणाला नुसता मोबाईलवर निरोप पोचला. त्या चहावाल्या गृहस्थांना माझा सवाल आहे : महाराज, यात आमचे बरे ते कोठे आहे, जरा बोट ठेवून दाखवा!

आता खास आपल्या दर्यापूरची गोष्ट सांगतो, कारण मुंबईस बसून जे निकष लिहितात त्यांना आपली जमीन माहीत नाही.

आपण खारपाणपट्ट्यातली माणसे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारे. माणसाला पिववत नाही आणि पिकाला सोसत नाही. पिण्याचे पाणी शहानूर धरणावरून नळाने आणावे लागते. खारे पाणी शेताला दिले तर जमीन दगडासारखी बसते व पुढची चार वर्षे तिफण चालत नाही. म्हणून आपण पिढ्यानपिढ्या कोरडवाहूच राहिलो. आणि निकष काय म्हणतो? जिरायतास ८,५००, बागायतास १७,०००, बहुवार्षिक फळबागेस २२,५००. म्हणजे ज्याच्या शेतापर्यंत सरकारने कालवा नेला त्याचे नुकसान झाले तर दुप्पट भरपाई, आणि ज्याच्या शेतापर्यंत कालवा नेला नाही, विहिरीला देवाने मीठ दिले, त्याला अर्धी! बागायतदाराचा खर्च जास्त असतो हे मला कबूल आहे. संत्र्याच्या बागवानाचे दुःख मी खोटे म्हणत नाही. परंतु खारपाणातल्या माणसाचा खर्च कालव्याकाठच्या माणसाच्या निम्मा असतो असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? बियाण्याची थैली देताना दुकानदार पुसतो काय की, भाऊ, तुझे शेत जिरायत आहे ना, मग अर्धे पैसे दे?

दुसरी गोष्ट पावसाच्या मोजणीची. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. हा पाऊस मोजायचे यंत्र महसूल मंडळाच्या एका ठिकाणी उभे असते. मंडळात गावे अनेक. यंत्राजवळ साठ मिलिमीटर पडला आणि चार कोस दूर माझ्या गावावर ढग फुटला, तरी कागदावर माझे गाव कोरडे! शिवाय आपली काळी भारी माती चिकट. तिच्यातून पाणी खाली उतरत नाही. डोंगराकडच्या मुरमाड जमिनीवर शंभर मिलिमीटर पडला तरी दुसऱ्या दिवशी वाफसा येतो. आपल्याकडे रोज पंचवीस-तीस मिलिमीटर असा आठवडाभर लागला की शेताचा रांजण होतो, मुळे कुजतात, पऱ्हाटी पिवळी पडते. पासष्टचा आकडा एका दिवशीही भरत नाही, आणि पीक मात्र एकही उरत नाही.

ही ओरड ऐकून २०२३ साली सरकारने 'सततचा पाऊस' ही सुद्धा आपत्ती मानली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ते बरे केले. परंतु तेथेही अटींची माळ लावली : सलग पाच दिवस रोज निदान दहा मिलिमीटर पाहिजे, मागल्या दहा वर्षांच्या सरासरीहून तो दीडपट पाहिजे, आणि पुढे उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा कमी झालेला दिसला पाहिजे. अहो, पावसाने निंदण थांबले की शेतात तण कमरेएवढे होते, तेही हिरवेच असते! वरून पाहणाऱ्या त्या डोळ्याला सोयाबीन कोणते आणि केणा कोणता हे कोण सांगणार? बांधावर येऊन चिखलात पाय घातल्याशिवाय शेताचे दुःख दिसत नाही.

आणि जो बांधावर येतो तो तरी कसा येतो? पंचनामा म्हणजे पाच जणांनी पाहून लिहिलेली हकीकत. परंतु कित्येक ठिकाणी तो पारावर बसून लिहिला जातो. ज्याच्या ओट्यावर चहा मिळतो त्याचे नुकसान ऐंशी टक्के आणि ज्याचे घर गावाबाहेर त्याचे तीस टक्के. तेहतीसला तीन कमी पडले की भोपळा! तीन टक्के कोणत्या तराजूने मोजले, असे विचारणारा अजून आपल्या गावात निपजायचा आहे.

पैसेवारीचेही तसेच. इंग्रजाने सोळा आण्याच्या पिकाशी तोलून आणेवारी काढण्याची रीत घातली. आणे गेले, पैसे आले, रीत तीच राहिली. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती : जमीन महसुलात सूट, पंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, पीककर्जाचे पुनर्गठन. एक्कावन्न आली तर काहीच नाही. ही काढण्यासाठी गावात समिती असते. तिच्यात तलाठी असतो, सरपंच असतो, सोसायटीचा अध्यक्ष असतो, शेतकरी असतात. माझ्या वाचकांपैकी किती जणांनी त्या समितीची बैठक डोळ्यांनी पाहिली आहे? मी गावात पुष्कळांना पुसले. त्यात त्या समितीचा एक सभासद निघाला. आपण सभासद आहोत हे त्याला माझ्या तोंडूनच कळले!

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सारे कोठून आले? १८७८ साली इंग्रजांनी दुष्काळ कमिशन नेमले आणि १८८३ साली दुष्काळाचे कायदेपुस्तक केले. त्याचे तत्त्व असे की, रयत मरू देऊ नये, परंतु तिला द्यायचे ते जीव धरण्यापुरते. जास्त दिले तर ती आळशी होईल. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच वऱ्हाडातले कुणबी, माळी, महार, कोष्टी भर उन्हात सरकारी कामावर खडी फोडत होते. ज्यांच्या कापसाने मँचेस्टरच्या गिरण्या चालल्या त्यांच्यावर सरकारचा पहिला संशय असा की, हे लोक फुकट तर खाणार नाहीत ना? त्याच वर्षांत तगाईचेही कायदे झाले, १८८३ चा आणि १८८४ चा. म्हणजे नुकसान झाले तर कर्ज घ्या! साहेब गेला, युनियन जॅक गेला, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. परंतु तो संशय मात्र कचेरीत तसाच बसून आहे. आजही नुकसानीच्या पैशाला 'मदत' म्हणतात, 'अनुदान' म्हणतात. कारखान्याला आग लागली तर विमा कंपनी देते त्याला 'मदत' म्हणतात काय? रस्त्यासाठी जमीन घेतली तर 'मोबदला' म्हणतात. आमच्याच वाट्याला 'मदत' हा शब्द का? कारण मदत देणारा मोठा आणि घेणारा लहान असतो. मदत घेतली की हात जोडावे लागतात, फलकावर पुढाऱ्याचे हसरे तोंड पाहावे लागते.

विम्याचा विषय निघालाच आहे म्हणून दोन ओळी. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा आला. २०२३ च्या खरिपापासून राज्याने एका रुपयात विमा केला. ढोल वाजले. त्यात ठिकठिकाणी बोगस अर्ज सापडले, म्हणून २०२५ साली तो बंद करून खरिपास दोन टक्के हप्ता पुन्हा बसवला. चोरी केली एजंटांनी आणि भामट्यांनी, दंड बसला शेतकऱ्यास. इतकेच नव्हे, तर पूर्वी शेतात पाणी साचले, गारपीट झाली, सोंगून ठेवलेले पीक भिजले, तर बहात्तर तासांत कळवून स्वतःच्या शेतापुरता दावा करता येत असे. ती कलमे काढून टाकली आणि आता केवळ मंडळातल्या पीककापणी प्रयोगाच्या सरासरीवर सोडले. सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. एकाचे घर जळाले आणि दुसऱ्याचे उभे राहिले, तर सरासरीने दोघांची घरे अर्धी उभी असतात. त्या अर्ध्या घरात राहून दाखवा म्हणावे!

येथवर सरकारला बोललो. आता आपल्या लोकांना बोलतो, कारण नुसते दुसऱ्याच्या अंगणात दगड टाकणे हा सत्यशोधकाचा धर्म नव्हे.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा शेतकऱ्याला तीन ठिकाणी नाडले जात होते : देवळात भट, पेढीवर सावकार आणि कचेरीत कारकून. तिन्ही ठिकाणी शस्त्र एकच होते, ते म्हणजे आम्हाला न वाचता येणारा कागद. भटाने पंचांग वाचायचे, कुळकर्ण्याने दप्तर वाचायचे, आणि आम्ही "होय महाराज" म्हणायचे. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात कुळकर्णी वतने मोडली व पगारी तलाठी नेमले, त्या दिवशी आमच्या लोकांना वाटले की सुटलो. पुढे आपली पोरे शिकली, तलाठी झाली, ग्रामसेवक झाली, मास्तर झाली, आमदार झाली. २०२४ साली तलाठ्याचे नावही बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केले. नाव बदलले, दप्तर बदलले, जात बदलली. परंतु खिडकीपलीकडचा तोरा बदलला काय? आज खिडकीत बसलेला आपलाच भाऊबंद आहे, आणि तोच म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पूर्वी भट म्हणे, "आज मुहूर्त नाही, उद्या या." मला तर दोन्हींत भेद दिसत नाही. ई-केवायसी, विशिष्ट क्रमांक, शेतकरी ओळखपत्र, ई-पीक पाहणी, आधार जोडणी, सामायिक खात्याचे संमतिपत्र : ही नव्या सोवळ्याची नावे आहेत. एक सुटले की दुसरे आडवे येते, आणि प्रत्येक ठिकाणी दक्षिणा ठेवल्याशिवाय घंटा वाजत नाही. भटशाही ही जात नाही, ती वृत्ती आहे, असे आपले पूर्वज सांगत आले. ती वृत्ती आपल्या घरात जन्मली तर तिलाही असूडच लागेल.

यादीत नाव आले, आधार जुळले, पैसे बँकेत पडले, तरी हाती येतीलच असे नाही. मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, असे सरकार प्रत्येक निर्णयात लिहिते. तरी एका बँकेत आमच्या गावच्या एका विधवेचे खाते 'होल्ड' करून ठेवले होते. मी तिच्यासोबत गेलो आणि तो कागद दाखवला, तेव्हा साहेब म्हणाले, "आम्हाला वरून आला नाही." बँकेच्या वर कोण असते, देव? चार खेपा केल्यावर खाते सुटले. ज्यांच्यासोबत कागद वाचणारा कोणी जात नाही त्यांचे काय होत असेल?

आता सर्वांत जास्त लाजेची गोष्ट. मदत मिळते ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. शेत वाहतो कोण? आपल्या तालुक्यात अमरावती-अकोल्यास, पुण्यास राहणाऱ्यांची कितीतरी शेते मक्त्याने किंवा बटईने दिलेली आहेत. मक्तेदाराने उन्हाळ्यात मक्त्याचे रोख पैसे मोजले, बियाणे टाकले, बैल लावले, बायको-पोरे राबवली. पाऊस आला आणि पीक गेले त्याचे. मदत गेली शेतमालकाच्या खात्यात! मालक शहरात पंख्याखाली बसलेला, त्याने त्या वर्षी शेताचे तोंडही पाहिलेले नाही. हा मालक कोण? बहुतेक आपलाच पाटील, आपलाच देशमुख, आपलाच नोकरदार भाऊ. बहुजन समाजाच्या नावाने सभेत छाती बडवणारे जे पुढारी आहेत, त्यांपैकी किती जणांनी आपल्या मक्तेदारास ते पैसे आणून दिले, हे त्यांनी पुढल्या सभेत सांगावे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकीन. मक्ता करार कागदावर लिहीत नाहीत, कारण कूळ लागेल ही भीती. ती भीती मला समजते. परंतु मदत आली त्या दिवशी मक्तेदाराच्या दारात जाण्यास कोणता कायदा आडवा येतो?

शेतमजुराचे तर नावच नको. वेचणी गेली, सोंगणी गेली, बायांची दोन महिन्यांची मजुरी गेली. तिचा पंचनामा नाही, तिला रकाना नाही. आणि गावचे कारागीर? लोहाराने वखराच्या पासा शेवटायच्या, सुताराने तिफण-डवरे नीट करायचे, कुंभाराने, चांभाराने, शिंप्याने हंगामावर जगायचे. शेतकऱ्याचे पीक गेले की यांचे बलुते गेले, उधारी बुडाली. नियमात कारागिरास थोडे पैसे आहेत, नाही असे नाही; परंतु ते हत्यारे किंवा माल नासला तर. अहो, ऐरण काय पुरात वाहून जाते? वाहून जाते ती लोहाराची मजुरी, आणि तिला कोणत्याही परिपत्रकात जागा नाही. शेतकऱ्यांच्या मोर्चात लोहार-सुतारही पायी चालतात, मार खातात. परत येताना मात्र शेतकरी आपल्यापुरता अर्ज भरून घरी जातो. हे बरे नव्हे, बंधूंनो.

आणखी एक. पीक गेले की आपल्यातले काही शहाणे ग्रहशांती करितात, अभिषेक करितात, नवस फेडतात. पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषात तेथे स्नान केले की ऋण फिटते असे सांगतात. गाडगेबाबा तेथे खराटा घेऊन घाट झाडत, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालीत आणि लोकांना सांगत की, कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला. लोक बाबांच्या पाया पडले आणि बुडी मारून पुन्हा सोसायटीकडे कर्जास गेले. पूर्णेच्या पाण्याने सोसायटीची वही धुतली जात असती तर १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवादाचा कायदा करावा लागला नसता. हा पाऊस देवाचा कोप नव्हे. नाले बुजले, पांदणरस्ते खोदून पाणी शेतात वळवले, पूल अरुंद बांधले, नदीत गाळ साचला. त्यातली पुष्कळशी करणी माणसाची आहे. आणि माणसाची करणी माणसाला जाब विचारूनच दुरुस्त होते. तिला होमाचा धूर लागू पडत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, बोलणे सोपे, करायचे काय? तर मागणे थोडे आहे. खारपाणातील जमिनीस जिरायत म्हणून अर्ध्या दरात ढकलू नये. मदत पिकाच्या सरकारमान्य खर्चाशी जोडावी, म्हणजे निवडणुकीप्रमाणे दर वरखाली होणार नाही. ज्याने ई-पीक पाहणीत पेरा नोंदवला किंवा ग्रामसभेने ज्याला वाहणारा म्हणून सांगितले, त्या मक्तेदारास वाटा मिळावा. ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांची ओळख ग्रामसभेत पंचांसमोर पटवावी. गाव ज्या म्हातारीला साठ वर्षे ओळखते तिला यंत्राने ओळख नाकारावी हा कोठला शहाणपणा? शेतमजूर व कारागीर यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी निराळा रकाना पाहिजे. आणि पंचनाम्याची नक्कल त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे.

हे सरकार आपण होऊन करील अशी माझी मुळीच समजूत नाही. जे आपल्या हाती आहे ते आपण करू. बाधितांची यादी गावात लागली पाहिजे. ती कपाटात ठेवलेली असेल तर बाहेर काढायला लावा. न दिल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर देणे भाग आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते दहा रुपयेही लागत नाहीत. अर्ज कसा लिहावा हे सातवीच्या पोरालाही येते. मी माझ्या पोरांना निबंधाऐवजी तोच लिहायला देतो. त्यावर वरिष्ठांना राग आला तर येवो. पैसेवारी समितीत कोण आहेत त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा आणि बैठकीच्या दिवशी वीस जणांनी जाऊन नुसते उभे राहा. बोलता येत नसेल तरी चालेल.

आमच्या गावापुरते आम्ही ठरवले आहे की, दर रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या ओसरीवर यादी मोठ्याने वाचायची. कोणाचे नाव सुटले, कोणाचे क्षेत्र चुकले, कोणाचा अंगठा अडला, कोणाचे खाते बँकेने धरून ठेवले, ते एका वहीत उतरवायचे आणि सोमवारी पाच-सात जणांनी मिळून तहसिलात जायचे. एकट्याने जायचे नाही. पहिल्या रविवारी अकरा माणसे आली. त्यांत ती म्हातारीही नातवाचे बोट धरून आली होती. तिचा अर्ज तिच्या नातवाने लिहिला. 'नुकसान' या शब्दात त्याने एक चूक केली, ती मी दुरुस्त केली. ज्या गावांना असे करायचे असेल त्यांनी सातबारा, आठ-अ, बँकेचे पुस्तक आणि आधार यांच्या नकला घेऊन बसावे. मक्तेदार, मजूर, लोहार, सुतार यांनाही बोलवावे, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याने घरातले शाळेत जाणारे लेकरू सोबत आणावे.

आपला,
दर्यापूर तालुक्यातील एक मास्तर